सुंभ जळला तरी

जून 2022 मधला पहिला सोमवार. सव्वादोन वर्षं घरून काम केल्यावर ऑफिसचा मेल आला होता की आता आठवड्यातले तीन दिवस यायचं, म्हणून सकाळी ठाण्याला दहा नंबरवरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. पाऊस अजून यायचा होता, नुसती चिकचिक. कळवा मागे पडलं, डावीकडे पारसिकचा डोंगर दिसायला लागला आणि माझ्या जिभेखाली पाणी सुटलं. अक्षरशः सुटलं, कोणी समोर चिंच धरल्यासारखं. छातीत जरा आवळल्यासारखं झालं आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप एकमेकांजवळ आली.

मी सिगरेट सोडून तेव्हा सव्वीस महिने झाले होते.

सोडली कशी, तर लॉकडाऊन लागला, टपऱ्या बंद झाल्या, आणि आमच्या वर्तकनगरच्या घरात आई, अण्णा, बायको, मुलगी सगळे चोवीस तास एकत्र. घरात मी कधीच ओढली नव्हती, अण्णांसमोर तर प्रश्नच नाही. पहिले चार-पाच दिवस डोकं ठणकलं, झोप उडाली, मुलीवर विनाकारण ओरडलो, त्याचं अजून वाईट वाटतं. मग दोन-तीन आठवड्यांत सगळं शांत झालं. इतकं शांत की तलफ म्हणजे काय हेच विसरायला झालं, आणि मी फोनवर मित्रांना सांगायला लागलो की मनावर घेतलं की सुटते रे, इच्छाशक्ती पाहिजे फक्त. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय. ते मला परत घ्यायचंय. हे लिहायला बसलोय ते त्यासाठी, आणि त्याहून जास्त अण्णांसाठी, त्यांचं पुढे सांगतो.

तर ऐरोलीला उतरलो. पूल ओलांडून खाली आलं की रस्त्याच्या कडेला ती टपरी, निळी ताडपत्री, बसायला दुधाचे उलटे क्रेट, आल्याचा वास, शेजारी पानवाला आणि त्याच्या खांबाला सुतळीने बांधलेला लायटर. सुतळीचं टोक हात लागून लागून काळं झालेलं. मी काही मागितलंसुद्धा नाही. चहावाल्याने बघितलं, "साहेब, लय दिवसांनी" म्हणाला, कटिंग पुढे केली, आणि पानवाल्याने न विचारता माझी नेहमीची सिगरेट ग्लासाशेजारी ठेवली, सुटी, एक. (सुटी सिगरेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे, पण ती टपरीपर्यंत पोचलेली नाही.) ओढली मी. घसा जळला, गरगरलं, चव इतकी वाईट लागली की अर्धीच टाकली. आणि संध्याकाळी घरी परतताना त्याच खांबापाशी उभं राहून दुसरी ओढली.

आवडली नव्हती तरी दुसरी ओढली, हे माझ्या डोक्यातून जाईना. सव्वीस महिने ज्याची आठवण नाही ते एका पुलाखाली एका मिनिटात परत कसं आलं? त्या रात्री वाचायला लागलो, आणि पुढचे कित्येक महिने वाचतच राहिलो. मी डॉक्टर नाही, हिशेबाचं काम करणारा माणूस आहे, पण जे समजलं ते आपल्या भाषेत कोणीतरी आधी सांगितलं असतं तर आमच्या घरातली काही भांडणं टळली असती असं मला मनापासून वाटतं.

आधी निकोटीनचा साधा हिशेब. झुरका आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं, म्हणून दर दोन तासांनी पाय टपरीकडे वळतात. मेंदूत ते ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं, ते रिसेप्टर ओढणाऱ्यांच्या डोक्यात नेहमीपेक्षा जास्त झालेले असतात, आणि सोडल्यावर साधारण सहा ते बारा आठवड्यांत मूळ पातळीवर येतात. म्हणजे माझ्या अंगात त्या सोमवारी निकोटीन नव्हतंच, आणि त्याची वाट बघणारे जास्तीचे रिसेप्टरही कधीच आवरून गेले होते. शरीराचं देणं-घेणं पूर्ण फिटलेलं. मग पाणी कशाने सुटलं?

पाव्हलॉव्हची कुत्री आपण शाळेत शिकलोय, खाणं यायच्या आधी ठरलेला आवाज ऐकला की लाळ. पण त्या लाळेच्या मागे डोक्यात काय चालतं ते वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीपाशी सुई नेऊन बघितलं. माकडाला रसाचा थेंब मिळाला की डोपामाइन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. मग त्याने रसाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत गंमत अशी झाली की पेशी रस मिळाल्यावर उसळेनाशा झाल्या, त्या खुणेलाच उसळायला लागल्या. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर रस जेव्हा यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्या पेशी गप्प व्हायच्या. ही सगळी मांडणी 1997 साली प्रसिद्ध झाली. मी हे वाचलं तेव्हा खरंच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण माझ्यासाठी सिगरेट हा रस होता आणि पारसिकचा डोंगर ही खूण होती.

आणि निकोटीनच्या बाबतीत हा धडा फार पक्का बसतो, कारण तो सारखा गिरवला जातो. दिवसाला दहा सिगरेटी, एकेकीचे दहा झुरके धरले तर शंभर. वर्षाचे 36,500. मी 2006 पासून 2020 पर्यंत त्या भागात नोकरी केली, म्हणजे चौदा वर्षांत पाच लाखांच्या वर. बाराखडीसुद्धा कोणी पाच लाख वेळा गिरवत नाही. प्रत्येक झुरक्याबरोबर आजूबाजूला जे जे होतं, आल्याचा वास, ताडपत्रीचा निळा उजेड, पुलावरून जाणाऱ्या गाडीची थरथर, लायटरची ती खर्रकन चाकी, ते सगळं मेंदूने डोपामाइनच्या शाईने लिहून ठेवलं. घरातल्या एका भिंतीवरही असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून घरात मला तलफ आली नाही. त्यात माझं कर्तृत्व कमी आणि घराच्या भिंतींचं जास्त होतं.

चव वाईट असूनही दुसरी का ओढली, त्याचंही उत्तर सापडलं. मिशिगनच्या रॉबिन्सन आणि बेरिज या दोघांनी 1993 साली मांडलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढलीच पाहिजे असं काही नाही. आपल्याकडे बायका नवऱ्यांना विचारतात ना, एवढं काय आवडतं त्यात? नवऱ्याला खरंच सांगता येत नाही, कारण बहुतेकदा आवडत नसतंच.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो इस्रायलमधल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला विमानातल्या क्रूचा अभ्यास. सिगरेट ओढणारे फ्लाइट अटेंडंट, विमानात तर ओढता येत नाही, मग त्यांनी प्रवासभर आपली तलफ किती आहे ते नोंदवायचं. एक प्रवास छोटा, तीनेक ते पाचेक तासांचा, आणि एक त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. तलफ जर निकोटीन उतरल्यामुळेच येत असेल तर लांबच्या प्रवासात ती कितीतरी जास्त असायला पाहिजे, बरोबर? तसं झालं नाही. छोट्या प्रवासाच्या शेवटी तलफ जेवढी चढली जवळपास तेवढीच लांबच्या प्रवासाच्या शेवटी चढली, आणि लांबच्या विमानात तेवढ्याच तासांनंतर, म्हणजे अजून अर्धं आकाश बाकी असताना, ती बरीच कमी होती. तलफ शेवटच्या सिगरेटपासून मोजत नव्हती, पुढच्या सिगरेटपर्यंत मोजत होती. विमान उतरायला लागलं की चढायची. तुम्ही ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या कुठल्याही ओढणाऱ्याला विचारा, ठाण्याला डब्यात चढताना काही नसतं, आणि ऐरोली यायच्या एक मिनिट आधी दारात येऊन उभा राहतो आणि खिसा चाचपतो, सात-आठ मिनिटांचा तर प्रवास.

सिंथिया कॉन्क्लिन नावाच्या संशोधक बाई आहेत, त्यांनी तर फक्त जागांचे फोटो दाखवले, बार, बस स्टॉप असे. फोटोत सिगरेट नाही, ॲश ट्रे नाही, माणूसही नाही, तरी ओढणाऱ्यांची तलफ वाढली. पुढे लोकांना त्यांच्या स्वतःच्या रोजच्या जागांचे फोटो काढून आणायला लावले, त्यांनीही तेच झालं. अशाच खासगी जागांचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन काढले गेले तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि इन्सुला या दोन भागांची हालचाल दिसली. हिप्पोकॅम्पस जागा लक्षात ठेवतो आणि इन्सुला शरीराच्या आतली खबर ठेवते, घसा, छाती, पोट. जागा बघितली आणि छातीत आवळलं, हे माझं जे गाडीत झालं ते याच दोघांचं बोलणं असणार असं मला वाटतं. इन्सुलाबद्दल 2007 साली आणखी एक गोष्ट छापून आली, ज्यांच्या मेंदूचा हा भाग स्ट्रोकसारख्या आजारात निकामी झाला त्यातल्या काही जणांची सिगरेट एका दिवसात सुटली, परत इच्छाच झाली नाही, एकाने सांगितलं की शरीरच ती ओढ विसरून गेलं.

आणि आता ते, जे मला सोडताना कोणी सांगायला हवं होतं. 2011 च्या एका अभ्यासात सोडलेल्या लोकांना सात, चौदा किंवा पस्तीस दिवसांनी सिगरेटशी संबंधित खुणा दाखवल्या. दिवसभराची साधी तलफ दिवसांबरोबर कमी होत गेली होती, पण खूण बघून येणारी तलफ पस्तीस दिवसांनी उलट जास्त निघाली. म्हणजे माणसाला वाटतं आपण मोकळे झालो, आणि आत ते मुरत असतं. आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माझ्या लहानपणी पानाच्या ठेल्यावर लायटर नसायचा, खरोखरचा सुंभच लटकलेला असायचा, टोकाला लाल निखारा, कोणी आलं की फुंकर मारून विडी पेटवायचा. जळून गेलेल्या भागाची राखसुद्धा पीळ घेऊनच खाली पडायची, मी तासन्‌तास बघत उभा राहायचो. निकोटीन गेलं तो सुंभ, आणि उरलं ते हे.

आता अण्णा. अण्णा वागळे इस्टेटला एका कारखान्यात होते, रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून एकोणिसाव्या वर्षी कोणीतरी हातावर तंबाखू दिली ती तिथून. देशात माझ्यासारख्यांपेक्षा अण्णांसारखेच जास्त आहेत, 2016-17 च्या सरकारी पाहणीत धूर ओढणारे प्रौढ 10.7 टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 21.4. अण्णांचं मळणं मी लहानपणापासून बघत आलोय. डबीच्या एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. डाव्या तळव्यावर चिमूट, त्यावर नखाने चुना, मग उजव्या अंगठ्याने सावकाश रगडायचं, मग दोन टाळ्या, भुकटी उडवायची आणि खालच्या ओठात बार. चुना उगाच नसतो, त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून पटकन रक्तात जातं, हे अण्णांच्या पिढीला रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं. अंगठ्याच्या त्या घासण्याचा आवाज, सुक्या पानावर कोणी हलकं चालल्यासारखा, तो आमच्या घरातल्या दुपारचा आवाज आहे.

2014 ला अण्णांची बायपास झाली. सतरा दिवस हॉस्पिटलात. सतरा दिवसांत त्यांनी तंबाखूचं नाव काढलं नाही, आई तर देवाला नवस बोलून मोकळी झाली. अठराव्या दिवशी घरी आणलं, हात-पाय धुतले, चहा घेतला, आणि नेहमीसारखे गॅलरीतल्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी मी बघायला गेलो तर बार भरलेला. कुठल्या तरी जुन्या बंडीच्या खिशात डबी राहिली होती.

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. म्हणालो, "तुम्हाला आमच्यापेक्षा ती पुडी मोठी वाटते, अण्णा. आम्ही सतरा दिवस तिथे जमिनीवर झोपलो ते कशासाठी?" आई रडायला लागली. अण्णांनी मान खाली घातली आणि एवढंच म्हणाले, "अरे, तिथे आठवण पण झाली नाही रे. इथे बसलो आणि हात गेला." मी म्हणालो, "पुरे, कारणं नकोत." आणि आत निघून आलो.

कारण नव्हतं ते. शुल्ट्झ, कॉन्क्लिन, सगळ्यांनी इतकी वर्षं घालवून जे मांडलं तेच माझा सातवी शिकलेला बाप एका वाक्यात सांगत होता, इथे बसलो आणि हात गेला, आणि मी त्याला अर्ध्यावर तोडलं. त्यानंतर आठ वर्षं आमच्या घरात अण्णा म्हणजे कमकुवत मनाचा माणूस असं ठरून गेलं. ते लपवून खायला लागले, संडासात जाऊन. पुढे मी स्वतःची सोडली तेव्हा तर त्यांच्यासमोर माझं उदाहरण दिलं गेलं, आणि मी ते देऊ दिलं.

त्या जूनमधल्या सोमवारनंतर तीन आठवडे मी रोजच्या दोन-तीन सिगरेटींवर आलो होतो. मग पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर असतो ना, तो लावला, सरकारी आहे, फुकट आहे, पलीकडची बाई शांतपणे ऐकून घेते. तिने मला पहिला प्रश्न विचारला की तुम्ही कुठे कुठे ओढता. किती ओढता हे नंतर. मी दोन महिने पूल सोडून स्टेशनच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडलो, पाच मिनिटं जास्त चालावं लागायचं. निकोटीनची 2 मिलिग्रॅमची गम घेतली, ती नुसती चघळत बसायची नसते, थोडी चावायची आणि गालात धरून ठेवायची, आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबून घ्यायची नाहीतर नीट लागू पडत नाही. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते, घड्याळ लावून बघितलं, माझी सहसा चार-पाच मिनिटांत उतरायची.

पण रस्ता बदलून कायमचं भागत नाही, हे मला वाचून कळलं होतं. मेंदू जुना धडा पुसत नाही, त्याच्यावर नवा लिहितो, आणि तो नवा धडाही जिथे शिकला तिथलाच असतो. घरी बसून मी पुलाखालची सिगरेट सोडूच शकत नव्हतो, ती पुलाखालीच सोडावी लागणार होती. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून मी मुद्दाम त्या टपरीवर गेलो. पानवाल्याला आधीच सांगून ठेवलं की दादा, मी मागितली तरी देऊ नका. एक कटिंग, क्रेटवर बसून, रिकामा हात गुडघ्यावर. पहिल्या दिवशी ग्लास धरलेला हात थरथरत होता आणि चहा निम्मा सांडला. अशा किती कटिंगा झाल्या त्याची नोंद मोबाईलमध्ये ठेवली, साठाव्याच्या आसपास एक दिवस लक्षात आलं की चहा संपला आणि लायटरकडे बघायचंच राहिलं. पारसिकचा डोंगर मात्र अजूनही कधीकधी, पहिल्या पावसात विशेष, हाक मारतो. मारू दे.

अण्णांशी बोलायला मला त्याहून जास्त वेळ लागला. एका रात्री जेवणानंतर सगळं सांगितलं, माकडं, विमानं, माझी त्या सोमवारची सिगरेट. मी परत ओढायला लागलो होतो हे त्यांना माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, काही बोलले नाहीत. "2014 ला तुम्ही बरोबर बोलत होता," म्हणालो, "मला कळलं नाही." त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आम्ही काय केलं तर खुर्ची हलवली. गॅलरीतून काढून हॉलमध्ये खिडकीपाशी, तोंड दुसरीकडे. दुपारचा चहा खाली सोसायटीच्या कट्ट्यावर घ्यायचा, मुलगी थर्मास घेऊन जाते. जेवणानंतर लगेच त्यांना पानं निवडायला, लसूण सोलायला द्यायचं, म्हणजे अंगठ्याला काम. हार्टचे पेशंट म्हणून गमबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. दिवसाला दहा-बारा बार होते ते दोन-तीनवर आलेत. पूर्ण सुटलेली नाही. शहात्तर वय आहे, सत्तावन्न वर्षांचा पीळ आहे, मी मोजत नाही आणि कोणाला मोजू देत नाही.

मागच्या रविवारी हॉलला रंग द्यायला माणसं आली म्हणून सगळं सामान गॅलरीत काढलं, त्यात ती खुर्चीही. दुपारी चहा झाल्यावर बघतो तर अण्णा तिथेच बसलेले, जुन्याच जागी, समोर गुलमोहर. डावा तळवा मांडीवर उघडा आणि उजवा अंगठा त्यावर फिरत होता, सावकाश, गोल. तळव्यावर काही नव्हतं. तोच घासण्याचा आवाज, पण कोरडा, कातडीवर कातडीचा. त्यांनी मला बघितलं आणि अंगठा थांबवायला गेले.

मी खाली जमिनीवर त्यांच्याशेजारी बसलो.

"आली का?"

"आली."

"बसू थोडा वेळ."

खाली भाजीची गाडी येऊन उभी राहिली, कोणीतरी वरच्या मजल्यावरून पिशवी दोरीने सोडली, भाजीवाल्याने तीत मेथी कोंबली, पिशवी हेलकावे खात वर गेली. अंगठा परत सुरू झाला होता. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तो हळू झाला.

"गेली का अण्णा?"

"नाही अजून," म्हणाले. "पण तू बस."